चोखण्यांचं झाड

दोष प्रेबेनचा. तो अस्गरचा आजोबा होता, पण म्हणून दोष काही कमी होत नाही.

अस्गरची धाकटी बहीण लिव्ह तीन वर्षांची. झोपली की तोंड उघडं, घोरणं मोठ्या माणसासारखं. मध्येच श्वास अडकायचा, सगळं घर शांत व्हायचं, आणि मग दचकून तो पुन्हा सुरू व्हायचा. दिवसभर पोर पेंगायची. अंगानं वाढतच नव्हती.

"नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा," अस्गर सांगून सांगून थकला.

"शाळा अर्धवट सोडलेले आता डॉक्टरकी शिकवणार!" प्रेबेन हसला. "सगळा त्या तोंडातल्या रबरी चोखणीचा प्रताप. सवय सोडवायला गावातली पोरं देतात तशी झाडाला दिली की पोर सुधारेल."

आईनं शिवणाच्या डब्यातून पिवळी फीत काढून दिली. 

रविवारी सगळे घरामागच्या कुंपणापलीकडे, गावच्या बागेत गेले. जुन्या बीच वृक्षाच्या फांद्यांना गावातल्या पोरांच्या चोखण्या रंगीत फितींनी लोंबत होत्या.

"आजोबा, झोपताना फक्त..." लिव्ह हुंदके देत म्हणाली.

प्रेबेननं चोखणी ओढून घेतली, पिवळ्या फितीला पक्की गाठ मारली. मग सगळ्यांनी केक खाल्ला.

सोमवारी दुपारी लिव्ह नेहमीप्रमाणे अंगणात, दुलई पांघरून बाबागाडीत झोपली; तिकडे पोरांना थंडीतही बाहेरच झोपवतात. तोंड मिटलेलं. घोरणं नाही.

"बघ, शहाण्या!" प्रेबेन म्हणाला. त्याच्या तोंडून वाफ निघाली. बर्फ पडलेला, थंडीच तशी होती.

अस्गर गाडीवर वाकला. लिव्हचे गाल गरम होते. पण तिच्या नाकातोंडातून वाफ येत नव्हती.

तेवढ्यात कुंपणापलीकडून घोरणं ऐकू आलं. ओळखीचं.

दोघं धावले. वारा पडलेला. सगळ्या चोखण्या स्थिर... फक्त पिवळ्या फितीची हलत होती, आत-बाहेर, आत-बाहेर. तिच्यातून वाफ येत होती.

प्रेबेननं खिशातली सुरी काढली आणि फितीला लावली. झाडावरचं घोरणं अडकलं.

"लिव्ह निळी पडतेय!" अंगणातून आई किंचाळली.

सुरी बर्फात पडली. अस्गरनं फीत हलवली... पुन्हा हलवली. श्वास सुटला.

मग डॉक्टरला दाखवलं. म्हणे, सगळं ठीक. लिव्ह आता खाते, वाढते, खिदळते. ती जागी असली तरी झाडावरचं घोरणं चालूच असतं.

श्वास अडकला की फीत हलवायला प्रेबेन खाली बाकावर बसलेला असतो. अस्गरनं पाळी मागितली, तर देत नाही.

त्या सोमवारपासून म्हातारा झोपलेला नाही.