रिकाम्या म्यानाची तलवार

“थांबा! ते चाक बंद करा!”

ओडेसा टॉलिव्हर धडधडत हार्डवेअरच्या दुकानात शिरली. मागून तिचा भाऊ लुशियस आणि मैत्रीण बेटिना धापा टाकत आले. धार लावायच्या चाकापाशी गावच्या इतिहास मंडळाचे मिस्टर हॅस्केल तलवार धरून उभे होते.

“आग लागली की काय गं?” त्यांनी चाक थांबवलं.

“ती तलवार घासू नका! खिडकीतून दिसलं, मुठीवर एकमेकांत गुंफलेले हात कोरलेत. आमच्या आजोबांच्या म्यानावरही तेच चित्र आहे!”

मिस्टर हॅस्केल हसले. आजोबांच्या भिंतीवरचं ते रिकामं म्यान गावाच्या थट्टेचा विषय होतं. आजोबांचे वडील नदीकाठच्या लॉजचे, म्हणजे एका बंधुमंडळाचे, सभासद होते. लॉजचा माणूस वारला, की शवपेटीवर त्याची नाव कोरलेली तलवार ठेवायची रीत. पण पुरात लॉजमधलं सगळं वाहून गेलं आणि त्यांच्या पेटीवर घरी राहिलेलं नुसतं म्यान ठेवावं लागलं! तेव्हा आजोबा लुशियसएवढे होते.

“ही आपल्या गावचे जुने वीर कॅप्टन ग्रिडली यांची लढाईतली तलवार आहे,” मिस्टर हॅस्केल म्हणाले. “त्यांच्याच तळघरात सापडली. उद्या चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत हिनं फीत कापायचीय. बोथट पातं नेलं तर माझंच नाक कापलं जाईल!”

“गेल्या वर्षीच्या पुरात आमची होडी तुमच्या अंगणात आली होती,” बेटिना म्हणाली. “मग ती तुमची झाली का?”

“नावबिव काही नाही हिच्यावर. कालच पॉलिश केलीय मी!”

“अरे देवा, पॉलिश!” ओडेसा कळवळली. तिनं पातं उन्हाकडे तिरकं धरलं. नुसती चकाकी! तिनं त्यावर फुंकर मारली. काहीच उमटलं नाही.

“पातं तापलंय गं,” ती पुटपुटली. “गार पाहिजे. लुशियस, बाहेरच्या आपल्या लिंबू सरबताच्या पेटीतला बर्फ आण!”

“सगळा? मग सरबत कोण पिणार?”

“पळ रे!”

त्यांनी पातं बर्फात दाबून ठेवलं. मग ओडेसानं ते कोरडं पुसून वर धरलं. बाहेरची दमट हवा लागताच पात्यावर धुकं चढलं. पण सगळीकडे सारखं नाही! जिथं कधीकाळी अक्षरं कोरली होती, तिथं ते वेगळं दिसत होतं.

“इ… झ… रा…” लुशियस वाचू लागला. “टॉलिव्हर! ताई, पणजोबा!”

मिस्टर हॅस्केलनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चाकाची वायर त्यांनी स्वतःच ओढून काढली.

“मी आणखी थोडं घासलं असतं तर…” ते मुलांकडे वळले. “पोरांनो, बरं झालं आलात. चला, तुमच्या आजोबांकडे जाऊ.”

आजोबांनी भिंतीवरून म्यान उतरवलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि ओडेसानं तलवार आत सरकवली.

खट्!

मुठीपर्यंत चपखल बसली.

“टॉलिव्हरसाहेब, माझं चुकलं,” मिस्टर हॅस्केल म्हणाले. “उद्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे तुम्ही ही घेऊन चालाल?”

“चालेन की! पण फीत कात्रीनं कापा.” आजोबांनी नातवंडांना आणि बेटिनाला जवळ ओढलं. “आणि आधी आम्ही सगळे दफनभूमीत जाऊन येऊ. माझ्या वडिलांना त्यांची तलवार दाखवायचीय.”