मनकर्णाची पिशवी

म्हाळू धनगराच्या मेंढ्यांनी बुधवारी एकामागोमाग गाभ टाकले. गुरुवारी विहिरीत गर्भ पाडायच्या गोळ्यांची पट्टी तरंगताना सापडली. मग काय, गावानं दोन्हीची गाठ मारून टाकली: विधवा मनकर्णानं गोळ्या खाल्ल्या, पट्टी विहिरीत टाकली, पाणी नासलं. शनिवारी संध्याकाळी पारावर बैठक होती. तिला विहीर बंद करायची, हे ठरल्यातच जमा होतं.

खरं काय ते कळावं म्हणून म्हाळूनंच बीडहून कावेरीताईंना बोलावलं. खासगी तपासात त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं. गाडी चालवायला आणि बोलणी खायला सोबत बंकट होता. शिरूर कासार सोडल्यापासून त्याला चहा मिळाला नव्हता, त्यामुळे त्याचं डोकं आधीच तापलेलं होतं.

"माझी कोकरं गेली," म्हाळू म्हणाला. "पर त्या बाईनं केलं म्हन्लं तर मला पटंना. मंगळवारी कळप घेऊन आलो, तवापासून ह्याच हिरीचं पाणी पाजतोय."

मनकर्णा काही बोलेचना. उंबऱ्यात बसून राहिली. शेजारच्या नीलाबाईंचं आणि तिचं भिंतीवरून जुनं भांडण. ताईंनी त्यांना गाठलं.

"भांडण हाय, न्हाई म्हणत न्हाई," नीलाबाई म्हणाल्या. "पर ह्यात ती कशी असंल? तिनं तर मागंच पिशवी काढलीया."

बंकटनं कान टवकारले. विहिरीतून पिशवी काढली!

"गावात दुसरं पाणी?" ताईंनी विचारलं.

"जारचा टेम्पो येतो, पर फकस्त मंगळवारच्या बाजाराला. आमाला कुठलं परवडतंय?"

बाहेर येताच बंकट म्हणाला, "ताई, अजून एखादी पिशवी आत असंल. गळ टाकू?"

ताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "टाक," म्हणाल्या.

त्याआधी सिद्धाराम मेडिकलवाल्याकडे जाणं झालं. पट्टी त्यालाच सापडली होती.

"मनकर्णानं टाकली, मी डोळ्यांनी बघितलं," तो म्हणाला. "असल्या गोळ्या मी ठेवत न्हाई. सोमवारी तपासणीवाले येऊन गेले, एक वावगी पट्टी घावली न्हाई. घ्या पाणी, जारचं हाय. गुरुवारी पट्टी बघितली अन् हिरीचं पाणी सोडलं." पायरीशी दोन रिकामे जार आडवे पडले होते. तिसरा त्यानं उघडला.

दुपारभर बंकट गळ टाकत राहिला. एक चप्पल आली, एक फुटकी कळशी आली, बाकी गाळ. हात सोलवटले. ताई सावलीत बसून होत्या. याचा त्याला फार राग आला.

संध्याकाळी विहिरीजवळचा पार भरला. ताई उठल्या.

"मनकर्णाबाई, सांगू?"

तिनं मान डोलावली.

"या बाईंची गर्भाची पिशवी काढलेली आहे. ऊसतोडीला खाडा नको म्हणून. गावातल्या बायकांना ठाऊक आहे, पुरुषांनी कधी विचारलंच नाही. यांना त्या गोळ्या कशाला लागतील?"

बंकटच्या हातातला दोर सैल झाला. आपण दिवसभर कसली पिशवी शोधत होतो!

"मग टाकताना पाहिलं म्हणणारा खोटं बोलतोय. सिद्धाराम, विहिरीचं पाणी गुरुवारी सोडलंत म्हणता. आज शनिवार. टेम्पो मंगळवारीच येतो. म्हणजे जार तुम्ही पट्टी सापडायच्या आधीच घेतलेत. पाणी नासलंय हे सगळ्यांच्या आधी तुम्हालाच कसं कळलं?"

"एका पट्टीनं विहीर नासत नाही. पण चोरून विकायचा माल तपासणीच्या आधी कुठेतरी जायलाच हवा होता. बंकट, यांच्या दुकानाकडच्या कोपऱ्यात टाक, दुपारी तिकडे तुझा गळ गेलाच नव्हता."

कोपऱ्यात गळ अडकला. चौघांनी ओढलं तेव्हा फाटकं पोतं वर आलं. त्यातून विरघळलेल्या गोळ्यांचा लगदा आणि तसल्याच पट्ट्या ओघळल्या. यातली एक सुटून वर आली, आणि चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या.

म्हाळू सिद्धारामच्या अंगावर धावला. लोकांनी आवरलं. पोलिसांना फोन गेला.

सरपंच खाकरले. "हीर उपसावी लागंल. तवर टँकर मागवू. मनकर्णाबाई, तुमी बी या रांगेत."

मनकर्णा दिवसभरात पहिल्यांदा बोलली.

"पिशवी न्हाई म्हणून पाणी देताय. असती, अन् मी गोळी खाल्ली असती, तर मला तहान लागली नसती व्हय?"

सरपंच खाली बघत राहिले. बंकटनं गळ गुंडाळून ठेवला. चहाचं तो विसरून गेला होता.