सुईचं वजन

खोक्याचं बूड फाटलं ते नेमकं त्याच्या दुकानासमोर. मामाच्या चाळीस रेकॉर्ड्स फुटपाथवर, मी गुडघ्यांवर, आणि वरून दोन-चार थेंब सुरू. "हात लावू नका," असं म्हणत एक माणूस दुकानातून धावत आला. मला वाटलं, मला सावरायला येतोय. कसलं काय... त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकेक रेकॉर्ड दोन तळहातांमध्ये, फक्त कडेनं धरून उचलली, वरचे थेंब बाहीनं टिपले, आणि चाळिसावी आत नेऊन ठेवल्यावर मग कुठे माझ्याकडे पाहिलं.

"आडव्या रचून नेता?" तो म्हणाला. "उभ्या ठेवायच्या असतात. खालच्या दबून वाकतात."

"मलाही थोडं लागलंय," मी म्हटलं. "विचारलंत तर बरं वाटेल."

तो लाजला. इतका, की कान लालबुंद झाले. कानांकडे माझं आधी लक्ष जातं, त्याला इलाज नाही. मी एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. कुणाला किती ऐकू येतं ते मोजते आणि कागदावर आलेख काढून देते. हे ऐकल्यावर तो म्हणाला, "म्हणजे कानवाल्या बाई." मी म्हटलं, "आणि तुम्ही सुईवाले." झालं, नावं पडली ती पडलीच.

मामा छोट्या घरात राहायला गेला होता आणि रेकॉर्ड्स माझ्या गळ्यात घातल्या होत्या. वाजवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. समोर इतकी यंत्रं मांडलेली पाहून मी लगेच बोट दाखवलं, "ते लाल द्या."

"का?"

"लाल आहे म्हणून."

"त्याची सुई पाच ग्रॅमनं दाबते," तो शांतपणे म्हणाला. "वजन कमी करायची सोय नाही. मामांनी एवढी वर्षं जपल्या, तुम्ही दोन वर्षांत खाचा घासून टाकाल."

"मग दुकानात ठेवलंय कशाला?"

"लाल आहे म्हणून विकलं जातं."

आता अशा दुकानदाराला काय म्हणावं? हातची विक्री घालवून तो मला सांगत होता, घाई करू नका, रेकॉर्ड्स घेऊन या, ऐका, मग ठरवा. मला गुरुवारी अर्धा दिवस सुट्टी असते. मी गुरुवारी गेले. पुढच्या गुरुवारी गेले. त्याच्या पुढच्यासुद्धा.

खरं सांगू? टर्नटेबल दुसऱ्याच गुरुवारी ठरलं होतं. काळं, जडशीळ यंत्र त्यानं दाखवलं होतं, त्याची मोटर थेट तबकडीच्या खाली. "दणकट आहे, शंभर वर्षं हलणार नाही," म्हणाला. आणि एक लाकडी होतं. त्यात मोटर बाजूला, आणि रबरी पट्टा तबकडीला फिरवतो, म्हणजे मोटरची थरथर सुईपर्यंत पोचत नाही. सुई धरणाऱ्या दांडीच्या मागे एक छोटं वजन, ते फिरवून सुईचा दाब हवा तितका ठेवायचा. मला लाकडीच हवं होतं. पण ते सांगितलं असतं तर गुरुवार संपले असते. म्हणून मी शंका काढत बसले. झाकण किती जाड? पट्टा तुटला तर? माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याचं काय? आणि तो प्रत्येक शंकेचं उत्तर असं द्यायचा, की जणू जगात याहून महत्त्वाचा प्रश्न नाही.

मी त्याला काम करताना बघत राहायचे. यंत्र टेकवण्याआधी तो पाणसळ ठेवून त्यातला बुडबुडा मधोमध आणायचा. सुई उतरवताना श्वास धरायचा. गाणं सुरू झालं की डाव्या स्पीकरच्या कापडावर पंजा टेकून डोळे मिटायचा... मी इतकी माणसं बघते, पण कुणी हातानं गाणं ऐकताना पाहिलं नव्हतं. बघूनच जीव वेडा व्हायचा.

अजून एक. मी कुठेही उभी राहिले तरी तो फिरून माझ्या डाव्या बाजूला यायचा. न चुकता. माझ्या डाव्या गालावर खळी आहे.

"दिसली असणार त्याला," वहिनी म्हणाली. दादाची बायको, पण आमच्या घरात माझी सगळी बिंगं तिच्याकडे जमा. "टर्नटेबल राहू दे, तूच गरगर फिरायला लागलीयेस. बोलून टाक."

चौथ्या गुरुवारी मी बोलले.

काळ्या यंत्रावर व्हायोलिनची रेकॉर्ड लावली होती. नेहमीच्या जागी कुणाचा तरी उघडलेला अॅम्प्लिफायर पडला होता, म्हणून मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूनं आत शिरले आणि त्याच्या डाव्या हाताला टेकले. तो लाकडी यंत्रावर वाकून, सुईखाली चिमुकला वजनकाटा ठेवून, मागचं वजन केसभर फिरवत होता. मानेवर घामाचा एक थेंब. बोटं मात्र स्थिर.

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. हळू म्हटलं, पण स्पष्ट म्हटलं.

त्यानं मान वर केली नाही. भुवया किंचित आक्रसल्या.

"जरा जास्तच होतंय," तो म्हणाला. "कमी करायला हवं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी "बरं" म्हटलं, पर्स उचलली आणि निघाले. तो मागून काहीतरी विचारत होता. मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, मी घेतला नाही. मग निरोप आला, 'दीड ग्रॅमवर ठरवलंय. मामांच्या रेकॉर्ड्सना काही होणार नाही. कधी येताय?' बघा, काळजी कुणाची तर रेकॉर्ड्सची. पुन्हा म्हणून कुणाला मनातलं सांगायचं नाही, असा मी कानाला खडा लावला आणि रात्रभर उशी ओली केली.

"अगं, पण 'नाही' म्हणायची ही कुठली तऱ्हा?" वहिनीला पटेना. "त्याला ऐकू तरी गेलं का?"

"वहिनी, मी दिवसभर हेच काम करते. किती आवाजात बोललं की ऐकू जातं, ते मला नको सांगूस."

गुरुवार कोरडाच गेला. शनिवारी दवाखान्यात एक आजोबा आले, बरोबर आजी. चाचणी झाली, आजोबा बुटाची नाडी बांधायला वाकले. आजी त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "चला, आता चहा घेऊ."

"घट्ट नाहीत, बरोबर आहेत," आजोबा म्हणाले.

आजी मला म्हणाल्या, "चुकून ह्या बाजूला आले बघा. या कानानं काही नाही हो त्यांना." आणि वळसा घालून पलीकडे गेल्या.

मी हातातलं पेन खाली ठेवलं. वजनकाटा... जरा जास्तच होतंय... अरे देवा, सुई! आणि तो माझ्या डावीकडे का यायचा? म्हणजे मी त्याच्या उजवीकडे राहावी म्हणून. स्पीकरवर पंजा का, तर डावीकडचा आवाज त्याला हातानंच कळत होता. दिवसाला वीस कान तपासणारी बाई मी, आणि हे सगळं मी माझ्या खळीच्या खाती जमा केलं होतं. हसावं की डोकं आपटून घ्यावं तेच कळेना.

संध्याकाळी दुकानात गेले. तो पाठमोरा बसून वायर सोलत होता, रेकॉर्ड चालू होती. मी डावीकडून गेले आणि अगदी जवळून म्हटलं, "तुमच्या कॉलरवर पाल आहे."

तो वायर सोलत राहिला.

मी वळसा घालून उजवीकडे आले. "कधीपासून?"

तो दचकला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला सगळं कळलं, आणि त्यानं रेकॉर्ड थांबवली. "नऊ वर्षांचा होतो. गालगुंड झालं होतं." हातातली वायर बाजूला ठेवत म्हणाला, "बाजारात कुणाला माहीत नाही. एका कानाच्या माणसाकडून दोन स्पीकर कोण घेईल? आणि तुम्ही तर... तुमचं कामच कान बघायचं. वाटलं, कळलं की यायच्या बंद व्हाल. झालंच तसं."

"मी त्यामुळे यायची थांबले नव्हते."

"मग?"

"ते नंतर. ते लाकडी मी घेतेय. तुम्ही बसवलंय, दुसरं कुणाचं मला नकोच. फक्त सोमवारी माझ्याकडे येऊन चाचणी करून घ्यायची."

"कानवाल्या बाई," तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही काही बोलला होतात का? मी बघितलं तेव्हा तुमचे डोळे... मी नऊ रात्री तेच आठवतोय."

"सोमवारी," मी म्हटलं, आणि पळाले.

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याला मी काचेच्या खोलीत बसवलं. तिचं दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "बारीकसा जरी आवाज आला तरी दाबायचं. दाबून लगेच सोडायचं. माझ्या टेबलावर दिवा लागतो."

"नापास झालो तर?"

"इथे कुणी नापास होत नाही."

दार लावून मी माझ्या जागेवर बसले. डाव्या कानात आवाज सोडले. दिवा लागला नाही. वाढवत नेले, तरी नाही. तो शहाण्या मुलासारखा समोर बघत होता आणि त्याचा अंगठा वाट पाहत होता. काय जिवावर आलं मला प्रत्येक आवाजापुढे 'नाही' लिहिताना. मग उजवा कान. आणि काय सांगू... सगळ्यात बारीक आवाजाला दिवा, त्याहून बारीकला दिवा. ज्या आवाजाला धडधाकट माणसं गप्प बसतात, तिथेही दिवा. इतका सुंदर कान मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता. एकाच कानावर या माणसानं आख्खं दुकान उभं केलं होतं.

आलेख पूर्ण झाला. चाचणी खरं तर संपली होती. मी माइक चालू केला, उजवी बाजू निवडली, आवाज अगदी तळाला नेला. मागच्या वेळी ऐकू गेलं नव्हतं, ही एक ढाल होती माझ्याकडे. आता तीही नव्हती.

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं.

काचेपलीकडे तो जागच्या जागी थिजला. माझ्याकडे वळला. कान लालबुंद.

दिवा लागला.

मी वाट पाहिली, तो बटण सोडेल म्हणून. दाबून लगेच सोडायचं, नीट समजावून सांगितलं होतं मी. तो सोडेचना. दिवा जळतच राहिला, आणि पुढच्या पेशंटनं दारावर टकटक केली तरी मी तो बघत बसले होते.