पेवातला हुंकारा

कंदील बारीक करा रे, रॉकेल फुकट येत नाही. आणि मधेच कोणी खोकायचं नाही. ज्याला भीती वाटते त्यानं आत्ताच आईजवळ जाऊन झोपावं, मग मला बोल लावू नये.

पुनाआबा तुमच्यापैकी कोणी पाहिले नाहीत. आमचे थोरले चुलते. त्यांनी सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही. हे आपलं गाव तेव्हा एवढंसंच, शिरपूरच्या वर, सातपुड्याला टेकून. जमिनी साऱ्या कोरडवाहू. जुनी माणसं ज्वारी-बाजरी करायची. मका आणला तो डोंगरातल्या सिंगा पावऱ्यानं. आबांना आणि त्यांचा लंगोटीयार जीवराम याला त्यानं बियाणं दिलं, पेरायचं कसं तेही दाखवलं. बघता बघता अख्खं गाव मक्यावर आलं. धुळ्याच्या बाजाराला गाड्यांमागून गाड्या जाऊ लागल्या, घरांवर कौलं चढली. आणि एका अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, हा सिंगाच नाहीसा झाला. जीवराम म्हणाला, बाई घेऊन सुरतेकडे पळाला. गावानं मान डोलावली. गावाला काय, चघळायला विषय मिळाला! सिंगाची बायको रुपली इथेच मजुरी करून राहिली, आणि दर अखाजीला नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायची.

पुढे त्रेचाळीस साल आलं. तिकडे लढाई, इकडे सरकारची माणसं घराघरातून धान्य उचलून न्यायची. म्हणून लोक सगळाच मका जुन्या पेवांत पुरायचे. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. तोंड माणूस जाईल एवढंच, आत मात्र खोलीएवढी जागा. आबांचं आणि जीवरामचं पेव सामायिक, शिवाराच्या टोकाला; सिंगा होता तेव्हा त्याचाही त्यात तिसरा वाटा असायचा. आबांची लेक कस्तुरा अखाजीला माहेरी यायची होती आणि घरात दाणा नव्हता. चैत्राची अवस, सोमवारची रात्र. जेवणं उरकून आबा टोपलं घेऊन निघाले. जीवराम दोर आणि चिमणीचा दिवा घेऊन आधीच पेवापाशी बसला होता.

"दुपारलेच उघाडी ठेयं," तो म्हणाला. "बठ्ठी वाफ निंघी गयी."

सगळी वाफ निघून गेली, म्हणे. आता नीट ऐका. बंद पेवात वाईट वाफ कोंडते, माणूस जागच्या जागी मरतो. म्हणून आधी दिवा दोरानं आत सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं, विझला तर परत फिरायचं. पण दिवा बघायचा तो दोर धरणाऱ्यानं. उतरणारा पेवाकडे पाठ करून बसतो. त्यानं वाकून बघितलं तर दोर धरणाऱ्यावर भरवसा नाही असं होतं. त्यावरनं भाऊबंदांत भांडणं झालीत. मूर्खपणा म्हणा हवं तर. आबा पाठ करून बसले.

"जळी ऱ्हायना का रे?"

"मस्त जळी ऱ्हायना. ऊतर, पुनाभाऊ."

जीवरामनं दिवा वर ओढून घेतला, रॉकेल वाचवायला विझवला म्हणाला. आबांनी कमरेला दोर बांधला आणि उतरले. उतरल्यावर वरच्यानं खालच्याचं नाव घेत राहायचं, खालच्यानं हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की लगेच वर ओढायचं.

जीवरामनं नाव घेतलं नाही.

आबांचे पाय मक्याला लागले. छाती आवळली. हाक मारायला तोंड उघडलं... आवाजच फुटेना. वर बघितलं. चांदण्या, आणि जीवरामचं डोकं. तो नुसता बघत होता.

मग दोर खाली आला. सगळा.

तेव्हा कळलं. दिवा आतच विझला होता आणि ते जीवरामनं बघितलं होतं. मक्याचा भाव चढला होता, आणि अर्धा मका आबांचा होता. आबा सांगायचे, मरणाचं भय नंतर वाटलं. आधी काळीज फाटलं ते एवढ्यानंच, की हा! माझ्या ताटात जेवलेला, हा!

गुडघे टेकले. डोळ्यांपुढे अंधार...

वरून हळूच हाक आली. मेला का, ते बघायला.

"पुना..."

आबांची जीभ हलेना.

"पुना?"

"हां."

आबांनी दिला नव्हता. हुंकारा त्यांच्या शेजारून आला होता.

 

मग शेजारचं बोललं. अगदी शांतपणे.

"दिवा ईझेल व्हता, भाऊ. माले बी त्यानी असंच सांगेल व्हतं."

वर जीवराम किंचाळला. धावत सुटलेले पाय ऐकू आले. आणि आबांच्या पाठीला दोन हात लागले. ढकलत होते. वर... वर...

उजाडताना गुराख्यांना आबा पेवाच्या तोंडाशी पडलेले सापडले. जीवराम पुन्हा कुणाला दिसला नाही. गावानं मका उपसला, पेवाची भुई खणली. लिंपणाखाली सिंगा होता. तीन सालं त्याच्यावर मका रचला होता. तो मका आपल्या साऱ्या गावानं विकत, उसना घेऊन खाल्ला होता रे, सिंगानंच आणलेला.

रुपलीला बोलावलं. आबांच्या उघड्या पाठीवर दोन पंजे उमटले होते, काळेनिळे. डाव्याची करंगळी वाकडी. रुपलीनं त्या करंगळीवर आपलं बोट ठेवलं आणि मटकन खालीच बसली.

"तू गयाच नव्हता," ती म्हणाली. "माले सोडीसन गयाच नव्हता तू. आनि मी तुले शिव्या दिन्यात रे..."

ती रडत होती तेव्हा बायकांपैकी कुणाची तिच्याजवळ जायची छाती झाली नाही. सगळ्यांनीच तिला इतकी वर्षं टाकलेली म्हटलं होतं.

ते पंजे पुढे कधी पुसले नाहीत. आबा म्हातारे होऊन गेले तेव्हा आंघोळ मी घातली. जीव संध्याकाळीच गेला होता, अंग सकाळपर्यंत लाकूड झालेलं, गार. कूस वळवून पाठीवरून हात फिरवला...

तेवढे दोन पंजे कोमट होते.