गच्चीवरचा तंबू

अरे, तो मोबाइलमधला नकाशा ठेवा जरा बाजूला. आठवडाभर दऱ्याखोऱ्यांतून भटकणार म्हणे, ना गाव ना नेटवर्क! जा की, अडवतोय कोण? पण आमच्या धम्मपालचं काय झालं ते ऐकून जा. हसू नकोस रुचिरा. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा तो, मला खोटं सांगून त्याला काय मिळणार?

मूळचा नागपूरचा. इथं दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर. एकुलती एक मुलगी, श्रावस्ती, सातवीत. पोरीवर भारी जीव. मे महिन्यात तिला हिमाचलात, स्पितीकडच्या बर्फाळ खोऱ्यांत न्यायचं ठरलं होतं, बापलेक दोघंच. तर गेल्या वर्षी, पंचवीस जानेवारीच्या रात्री, नवा तंबू थंडीत कितपत टिकतो ते बघायला तो गच्चीवर झोपायला गेला. श्रावस्ती हट्ट करत होती, पण तिच्या आईनं, क्रांतीनं, तिला खाली घरातच ठेवलं. धुकं असं, की समोरचा ब्लॉक दिसेना.

डोळा लागतोय तोच बाहेर कुणीतरी खाकरलं.

"अहो... जागा आहे का आत?"

मराठी! आता तुम्हीच सांगा, दिल्लीत कानावर मराठी पडलं की आपलं काय होतं? मेट्रोत अनोळखी माणसाला आपण जेवायला बोलावतो, यार! धम्मपाल झोपेतच बोलून गेला, "या ना, या! आत या."

तंबूची चेन उघडली.

आत कुणी आलं नाही. पण शेजारची चादर... दबली. कुणी बसावं तशी. आणि गारठा असा, की त्याचे दात वाजायला लागले.

"मे महिन्यात कुठल्या वाटेनं जाणार?" आवाजानं विचारलं.

का कोण जाणे, त्यानं सगळं सांगितलं. कुठली खिंड, कुठला मुक्काम. थांबताच येईना म्हणाला.

"तिकडे कुणी भेटत नाही हो... फार दिवस झाले." मग विचारलं, "मुलगी येतेय ना?"

मुलीचं त्यानं नावही काढलं नव्हतं.

कसाबसा म्हणाला, "नाही. आम्ही... आम्ही जाणारच नाही."

"बरं," आवाज म्हणाला. "मग मीच नेतो."

चेन पुन्हा वाजली.

धम्मपाल उठला. अनवाणी. जिना. दार. क्रांती, दार उघड! पोरीची खोली...

श्रावस्ती पलंगावर. गाढ झोपलेली. तो तिथंच खाली बसला आणि ढसाढसा रडला. मग रात्रभर तिचा हात हातात धरून बसला. डोळ्याला डोळा लागला नाही, मला शपथेवर सांगितलंय त्यानं. हात एकदाही सुटला नाही.

सकाळी क्रांतीनं पडदा सारला, आणि किंचाळली.

पोरीचे ओठ फुटले होते. गाल काळवंडून सोलवटलेले... बर्फावरच्या उन्हात दिवसेंदिवस चालून आलेल्या माणसाचे होतात ना, तसे. दिल्लीत त्या आठवड्यात सूर्य दिसला नव्हता.

आणि डोळ्यांभोवती, गॉगलच्या मापाची, दोन गोरी वर्तुळं.