पाहुण्यांची कपबशी

"अहो, जरा धरा हिला!"

एवढं म्हणून मयूरीनं कडेवरची पिंकी समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात दिली आणि ती पाटाकडं धावली. तिकडं दोन पोरं पाण्यात उतरायच्या बेतात होती. माणूस कोण, कुठला, हे विचारायला सवड कुणाला होती?

पोरांचे कान धरून ती परत आली, तेव्हा तो पिंकीला हात लांब करून धरून उभा होता. चुलीवरचं गरम पातेलं धरावं तसा. आणि त्याच्या पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या शर्टावर पोटापर्यंत ओला पट्टा उतरला होता.

"मुलगी… ओली झालीय," तो म्हणाला.

"मुलगी मोकळी झाली. ओले तुम्ही झालाय!"

मयूरीला हसू आवरेना. तोही हसला, पण जरा उशिरा, आधी परवानगी घेतल्यासारखा. मग भोवतालच्या शेंबड्या पलटणीकडं बघून त्यानं विचारलं, "ही सगळी तुमची?"

"इतकी म्हातारी दिसते मी?"

"नाही, नाही… तसं नाही… म्हणजे…" त्याचे कान लाल झाले. मयूरीला ते कान फार आवडले. उगीच खोटं कशाला सांगायचं, तिला तेव्हाच आवडले.

त्यानं बालवाडीची वाट विचारली, तिनं दाखवली. तो वळला आणि तेव्हा कुठं तिला त्याच्या खांद्यावरची सरकारी फायलींची पिशवी दिसली. तिनं जीभ चावली. सांगलीचे साहेब! वाडी सकाळपासून जीपची वाट बघत होती आणि साहेब एस.टी.नं येऊन, बांधाबांधानं चालत निघाले होते.

पलूसजवळची ही वाडी द्राक्षांची. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला तिथं जिकडंतिकडं नव्या बागा उभ्या राहत होत्या. मजूर बायका दिवसभर बागेत, आणि त्यांची तान्ही वेलीखाली, साडीच्या झोळीत. वरून औषधाची फवारणी. एकदा एक पोर गुदमरून मरता मरता वाचलं, तेव्हा महिला मंडळानं एक खोली मागून घेऊन बालवाडी काढली आणि सांगलीहून बालवाडीचा कोर्स करून आलेल्या मयूरीला बाई नेमलं. घरटी मूठमूठ धान्य गोळा करून कसंबसं चाललं होतं. पण आता खोलीचा मालक भाडं मागत होता. जिल्हा परिषदेचं अनुदान मिळालं तर बालवाडी टिकणार, नाहीतर पोरं परत वेलीखाली. अनुदानाची मुख्य अट एकच होती, मुलं शेतमजूर आयांची हवीत.

आता यात बिघडण्यासारखं काय होतं? पण मंडळाच्या अध्यक्षा होत्या बनुबाई. अख्खी वाडी त्यांना आत्या म्हणायची. पाहुणा यायचा म्हटलं की शेजारून कपबशा मागून आणायच्या, हा आत्यांचा जन्माचा रिवाज. आपल्या घरातले टवके उडालेले कप पाहुण्यापुढं ठेवायचे नसतात. मग साहेब येणार म्हटल्यावर आत्यांनी काय करावं? बागायतदारांच्या घरची, पावडर लावलेली, इस्त्रीच्या फ्रॉकातली पोरं मागून आणली! खरी पोरं पाटाकडं धाडली, आणि ती सांभाळायला मयूरीला.

"आत्या, अहो अनुदान या पोरांसाठीच आहे!" मयूरी कळवळून म्हणाली होती.

"आगं, पन सायबाम्होरं असली शेंबडी पोरं बशिवायची व्हय? आपल्या वाडीची काय अब्रू हाय का न्हाई?"

मयूरी सगळी पोरं घेऊन धापा टाकत बालवाडीत पोचली, तेव्हा साहेब शेजारून मागून आणलेल्या, गुलाबाची फुलं काढलेल्या बशीत चहा ओतत होते आणि समोरच्या फ्रॉकवाल्या पोरीला विचारत होते, "तुझी आई कुठं कामाला जाते गं?"

"न्हाई जात. बायकाच येत्यात आमच्या बागेत. आमच्याकडं रंगीत टीव्ही हाय."

साहेबांनी बशी खाली ठेवली. "बाई, या मुलांना अनुदान देता येणार नाही. संस्था अपात्र ठरते."

आत्यांचा चेहरा उतरला. इतकी धीराची बाई, पण पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली.

"साहेब," मयूरी दारातून म्हणाली, "तुम्हाला भिजवलं ना, ती पात्र आहे."

सगळे वळले. पिंकीनं तिच्या कडेवरून साहेबांना ओळखीचं हसू दिलं. साहेबांनी ओठ घट्ट मिटले, पण डोळे काही ऐकेनात.

"मला जे दिसलं तेच लिहावं लागेल," ते म्हणाले.

"दोन्ही दिसलंय तुम्हाला. मग दोन्ही लिहा."

त्यानं खरंच दोन्ही लिहिलं. फेरतपासणी ठरली. वर शेजारच्या उघड्या विहिरीला कुंपण घालायची अट. जाताना त्यानं नाव सांगितलं. राजरत्न, मूळ साताऱ्याचा. शर्ट तोवर वाळला होता.

कुंपण झालं, तो आला. मग म्हणाला, औषधाची पेटी हवी. पेटी आणली, तो आला. मग म्हणाला, मुलांची वजनं घ्यायला काटा हवा. दर वेळी तो बसायचा जरा जास्त, आणि चहा निवेपर्यंत मयूरीकडं बघून नजर वळवायचा… आणि पुन्हा बघायचा. मयूरीही त्या दिवशी अबोलीचा गजरा माळायची. कुणी विचारलं तर म्हणायची, फुलं वाया जातात.

"साहेब, या अटी नियमात आहेत, की तुम्ही घालताय?" एकदा तिनं विचारलंच.

"नियमात आहेत." तो थांबला. "पण सगळ्या एकाच वेळी सांगाव्यात… असं काही नियमात नाही."

मयूरीच्या गालावर ऊन चढलं. ती थट्टेत म्हणून गेली, "छान! तुमच्या अटी सरेपर्यंत पोरं बागेत निजतील. भाडं थकलं म्हणून कालच मालकानं निम्म्या खोलीत खताची पोती रचलीत."

राजरत्नचं हसू मावळलं. तो आत गेला, पोती बघितली, पोत्यांना टेकून झोपलेली पिंकी बघितली. पिशवी उचलून निघून गेला.

त्यानंतर तो आलाच नाही.

मयूरीनं स्वतःला किती बोल लावले! कशाला जीभ उचलली? पण मग वाटे, खोटं काय बोलले? पोरं तर खरंच पोत्यांना टेकून निजत होती. एस.टी.चा हॉर्न वाजला की ती दारात यायची आणि उगीच अंगणातला पालापाचोळा झाडायची. झाडून झाडून अंगण गुळगुळीत झालं.

शेवटी एक दिवस साहेब आले, पण दुसरेच. आप्पासाहेब, पिकल्या मिशांचे, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी पेटी उघडून बघितली, काटा बघितला, कुंपण हलवून बघितलं. आत्यांनी या खेपेला शेंबडी पोरं मुद्दाम पुढच्या ओळीत बसवली होती. आप्पासाहेबांनी एकेकाला आईचं काम विचारलं, आणि पात्र म्हणून सही ठोकली.

आत्या रडल्या आणि हसल्या. मयूरीला मात्र धड रडू येईना की हसू. तिनं धीर केला. "ते… आधीचे साहेब?"

आप्पासाहेबांनी चष्म्यावरून तिला निरखलं. "मयूरीबाई तुमीच व्हय?"

"हो."

"त्यानं आपनहून ह्ये काम सोडलं बघा. थोरल्या सायबाम्होरं उभा ऱ्हायला आन म्हनला, तितल्या बाईंच्यात माजा जीव गुंतलाय. मी नुस्ता येरझाऱ्या घालतोय आन पोरांना उशीर हुतोय. आता मी तपासायच्या लायक न्हाई, दुसरा मानूस धाडा. सगळं हापीस हसलं. कान लाल झालं पोराचं, पन जागचा हालला न्हाई."

मयूरी खांबाला धरून उभी राहिली. तिच्याजवळ जे बोलला नाही, ते हा माणूस भरल्या कचेरीत बोलला होता. स्वतःचं हसं करून घेऊन त्यानं पोरांना छप्पर दिलं होतं. तिचे डोळे भरून आले. कुणाचे उपकार असे गोड वाटतात, हे तिला ठाऊकच नव्हतं.

अनुदान मंजूर झालं. पोती हलली. आणि मग एका रविवारी, पिंकीला कडेवर घेऊन मयूरी अंगणात उभी होती, तर बांधावरून तो येताना दिसला. खांद्याला पिशवी नव्हती. शर्ट पांढरा होता.

"आज काय तपासायचंय?" मयूरीनं विचारलं. आवाज थट्टेचा काढायचा होता, पण तो मध्येच कापला.

"आज तुम्ही तपासा." तो म्हणाला. "नोकरी आहे, घरी आई आहे. आईला सगळं सांगितलंय. शर्टाचंसुद्धा. ती म्हणाली, पहिल्याच भेटीत पोर हातात देणारी पोरगी धीराची आहे, सोडू नकोस. मला तुम्ही आवडता, मयूरी. पहिल्या दिवसापासून. आधी बोललो असतो, तर तुमच्या बालवाडीला बट्टा लागला असता. म्हणून…"

"म्हणून मला अंगण झाडायला लावलंत," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. "फार उपकार झाले तुमचे. खरंच. त्या पोरांवर आणि माझ्यावरही."

"उपकार नकोत. उत्तर हवंय."

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आल्या. राजरत्ननं हात पुढं केला आणि तो गोंधळला. गुलाबाच्या फुलांची कपबशी नव्हती. आत्यांच्या घरातला, कानाचा टवका उडालेला जुना कप होता. खाली बशीसुद्धा नव्हती.

"आत्या, आज ती फुलांची कपबशी नाही?" त्यानं भीतभीत विचारलं.

"ती पाव्हन्यास्नी," आत्या म्हणाल्या, आणि मयूरीकडं बघून पदरात हसल्या. "घरच्या मानसाला कशाला लागतीया?"

राजरत्ननं मयूरीकडं बघितलं. मयूरीनं मान खाली घातली, पुढं झाली, आणि कडेवरची पिंकी त्याच्या हातात दिली.

"धरा जरा हिला," ती हळूच म्हणाली. "मी माझाही चहा घेऊन येते. तसल्याच कपातून."