ढगोजीरावाचं शिंग कुणी फिरवलं?

"लाव, लाव, लाव! सुरू झालं असेल!" पोपट सोफ्यावर उड्या मारत ओरडला.

"रिमोट माझ्याकडे," वकील म्हणाला. "मी मोठा आहे."

"मोठा आहेस, तर मोठ्यांसारखे आधी पाय धुऊन ये," चिमटी म्हणाली आणि दोघांची झटापट चालू असताना तिनं गुपचूप रिमोट उचलला.

सुट्टीचा पहिलाच दिवस होता आणि तिघं आत्याच्या घरी येऊन थडकली होती. परीक्षेपायी गेले दोन महिने घरी टीव्ही बंद होता. इतका बंद की चिमटीच्या बाबांनी केबलच काढून कपाटात ठेवली होती! आता सगळी उपासमार भरून काढायची होती.

चिमटी बोलली की समोरच्याला चिमटा बसायचा, म्हणून ती चिमटी. तिचा धाकटा भाऊ पोपट. एकदा पडद्यावर पाहिलेलं तो जन्मभर विसरत नसे. पाढे मात्र रोज विसरायचा. आणि चुलतभाऊ वकील, जो पाण्याचा पेलासुद्धा चार प्रश्न विचारल्याशिवाय उचलत नसे.

आत्याच्या टीव्हीवर चादर घातलेली होती. चिमटीनं ती ओढून काढली तेव्हा धूळ उडाली. कोपऱ्यात आत्याचं चित्रांचं टेबल उभं होतं आणि त्यावर चक्क टॉवेल वाळत होते. हे काय नवीन? पण विचार करायला वेळ कुठला! 'चौकोनी कुटुंब' सुरू झालं होतं.

चौकोनी डोक्यांचे आई-बाबा, चौकोनी मुलं आणि चौकोनी मांजर. सगळे संध्याकाळी सोफ्यावर बसून टीव्ही बघतात आणि भांडतात, अशी ती कार्टून मालिका. आणि त्यांच्या टीव्हीवर हवामानाच्या बातम्या देतो ढगोजीराव! टोपी घातलेला बोकड. त्याचा अंदाज कधी म्हणजे कधी बरोबर येत नाही, आणि बातम्या संपल्या की तो नकाशा खाऊन टाकतो. टीव्हीतल्या टीव्हीतला हा बोकड आत्या काढायची. शेवटी नावं सरकायची त्यात तिचं नाव आलं, की तिघं उभं राहून टाळ्या वाजवत.

"ढगोजी आला!" पोपट किंचाळला.

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. आत्या हातात झारा घेऊन दारात उभी होती.

"कोण आला?"

"ढगोजी! बघ ना!"

आत्या बघत राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"हा अजून आहे?" ती हळूच म्हणाली. "मला तर सांगितलं, बोकड बंद. लोकांना आवडत नाही, मुलं कंटाळलीत, आता तुमचं काम संपलं."

"कोण म्हणालं असं?" चिमटी ताडकन उठली.

"अत्तरसाहेब. आमचे व्यवस्थापक. त्यांच्याआधी त्यांचं अत्तर खोलीत येतं." आत्यानं टीव्हीकडे पाठ फिरवली. "म्हणजे बोकडाला नाही, मलाच काढलं. दुसरं कुणीतरी काढतंय आता. आणि काढतंय तेही कसं! शिंग तरी बघा."

तिघांनी पाहिलं. ढगोजीचं डावं शिंग मोडकं. वादळाला ढुशी मारायला गेला होता ना, तेव्हा मोडलेलं! पण हा जो समोर नकाशा चघळत होता, त्याचं उजवं शिंग मोडकं होतं.

"एवढंही कळत नाही!" चिमटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला आवडत नाही म्हणे! मला विचारलं होतं का? पोपटला विचारलं होतं?"

"जाऊ दे गं," आत्या म्हणाली. ती स्वयंपाकघरात गेली आणि कांदा नसतानाही बराच वेळ डोळे पुसत राहिली.

शेवटी नावं सरकली. आत्याचं नाव नव्हतं. टाळ्या वाजवायला उभी राहिलेली तिघं तशीच खाली बसली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच भाग पुन्हा लागला. चिमटी टीव्हीकडे रागानं पाठ करून, कपाटाच्या आरशासमोर वेणी घालत होती. घालत कसली, ओढत होती.

"एवढी ओढलीस तर टक्कल पडेल," वकील म्हणाला.

"पडू दे! मी आता तो खोटा बोकड बघणारच..." चिमटीचा हात वेणीतच थांबला. आरशात मागचा टीव्ही दिसत होता. "वकील! इकडे ये! पळ!"

आरशातल्या ढगोजीचं डावं शिंग मोडकं होतं. अगदी बरोबर जागी!

"आणि त्याच्या मागचं घड्याळ बघ," वकील पुटपुटला. तो टीव्हीकडे वळला, परत आरशाकडे वळला. "टीव्हीत त्याचा काटा उलटा फिरतोय. आरशात सरळ!"

"पण चौकोनी बाबांची खुर्ची टीव्हीत नेहमीच्याच जागी आहे. म्हणजे उलटा केलाय तो फक्त बोकड!"

पोपट आरशासमोर येऊन उभा राहिला. मान वाकडी करून त्यानं पाहिलं आणि मग एका दमात म्हणाला, "आता कान खाजवणार, मग टोपी सरळ करणार, मग नकाशाचा कोपरा तोंडात!"

ढगोजीनं कान खाजवला. टोपी सरळ केली. कोपरा तोंडात घातला.

"हा जुनाच आहे!" पोपट म्हणाला. "पतंगाच्या भागातला! बोलतोय नवीन, पण करतोय सगळं जुनं. उलटं होतं म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही!"

म्हणजे दुसरं कुणी काढतच नव्हतं! आत्याचीच जुनी चित्रं, आरशासारखी उलटी फिरवून, नवीन म्हणून खपवत होते. आणि आत्याला म्हणे, तुमचा बोकड कुणाला नको!

"ही तर चोरी झाली!" चिमटी ओरडली.

"आत्याला सांगू या," पोपट म्हणाला.

आत्यानं ऐकलं आणि आरशात निरखून पाहिलं. मग मात्र तिनं मान हलवली. "मी बोलले तर म्हणतील, काम गेलं म्हणून जळते. कोण ऐकणार माझं?"

"तू नकोच बोलू," चिमटी म्हणाली. "उद्या त्यांच्याकडे मुलांना स्टुडिओ दाखवतात ना? दर सुट्टीत दाखवतात. आम्ही मुलं आहोत. आणि आत्या, तुझा तो हातात धरायचा मोठा आरसा मला दे."

*

आत्यानं त्यांना स्टुडिओच्या फाटकापर्यंत सोडलं, पण पुढे पाऊल टाकायला ती तयार होईना. "मी इथे पहारेकऱ्यापाशी बसते. आरसा फोडू नका, आणि कुणाला उलटं बोलू नका. चिमटे, तुला सांगतेय!"

आत मुलांची झुंबड उडाली होती. आधी अत्तराचा लोट आला आणि मागून अत्तरसाहेब.

"या, या, बालमित्रांनो! इथे आवाज रेकॉर्ड होतात. इथे चौकोनी घराच्या भिंती रंगवतात. हात लावायचा नाही!"

एका बंद दारावर पाटी होती: ढगोजी विभाग. शांतता राखा.

"इथे आमची नवीन टीम रात्रंदिवस खपते," अत्तरसाहेब छाती फुगवून म्हणाले. "पूर्वीपेक्षा दुप्पट वेगानं! खुद्द मालकीणबाईंनी पाठ थोपटली माझी."

"आम्हाला बघू द्या ना!" चिमटी म्हणाली.

"छे छे! कलाकारांची समाधी भंगते."

"एकच प्रश्न, सर," वकिलानं बोट वर केलं. "टीम रात्रंदिवस आत असते, तर दाराला बाहेरून कुलूप का आहे?"

अत्तरसाहेब खोकले. "त्यांना... त्यांना एकांत आवडतो! चला, पुढे चला!"

चिमटी मागे रेंगाळली. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच होती. तिनं टाचा उंचावून आत डोकावलं. चित्रांच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या रचून ठेवल्या होत्या. खिडकीत कुंडीतलं रोप वाळून काटकी झालं होतं. जमिनीवर कुठल्याशा पार्टीचे फुसके फुगे. टीम कसली, तिथे माशीसुद्धा नव्हती!

ही आत्याची खोली. त्या रोपाला आत्या बोलत बोलत पाणी घालायची, हे चिमटीला ठाऊक होतं. तिनं आरशाची मूठ घट्ट आवळली.

फेरीच्या शेवटी सगळ्यांना छोट्या थिएटरात बसवलं. "पुढच्या आठवड्याचा भाग! जगात अजून कुणीही पाहिलेला नाही!" अत्तरसाहेबांनी जाहीर केलं. मागच्या रांगेत पांढऱ्या केसांच्या एक बाई काठी टेकवून बसल्या होत्या. त्याच मालकीणबाई. मुलं कुठे हसतात आणि कुठे जांभया देतात, ते बघायला त्या नेहमी येत.

दिवे गेले. चौकोनी कुटुंब सोफ्यावर बसलं. ढगोजीरावाचं संगीत वाजलं आणि चिमटीनं पोपटाला खूण केली. पोपट खुर्चीवर उलटा, पडद्याकडे पाठ करून बसला. चिमटीनं त्याच्यासमोर आरसा धरला.

"आता शिंकणार!" पोपट खणखणीत आवाजात म्हणाला.

ढगोजी शिंकला.

"टोपी उडणार! ढगावर अडकणार!"

टोपी उडाली. ढगावर अडकली. मुलं खिदळायला लागली.

"शू! गप्प!" अंधारातून अत्तरसाहेब.

"आता टोपी काढायला खुर्चीवर चढणार, घसरणार, आणि शेपटीवर बसणार! आणि डोळे असे फिरवणार!"

ढगोजी चढला, घसरला, शेपटीवर बसला. त्यानं डोळे अगदी तस्से फिरवले. थिएटरात नुसता हलकल्लोळ!

"दिवे लावा!" मागून काठी आपटली. मालकीणबाई उठून पुढे आल्या. "या मुलाला हा भाग कुणी दाखवला?"

"कुणीच नाही, बाई," भाग लावणारा घाबरत म्हणाला. "कालच तर तयार झाला."

"मग याला पुढचं कळतं कसं? आणि तू पाठ करून काय बसलास रे?"

"कारण सरळ बघितलं तर तो उलटा आहे," पोपट म्हणाला. "हा वादळाच्या भागातला आहे. मी तो पाहिलाय. खूपदा."

"पोरकटपणा!" अत्तरसाहेब घाम पुसत म्हणाले. "बाई, मी यांना बाहेर..."

"बाई, तुम्हीच बघा!" चिमटीनं आरसा मालकीणबाईंच्या हातात दिला. पडद्यावर ढगोजी शेपटीवर बसून थांबलेला होता. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग वळून आरशात पाहिलं.

"मोडकं शिंग," त्या सावकाश म्हणाल्या. "डावं होतं. डावंच होतं."

"टीव्हीतल्या टीव्हीकडे एवढं कोण बघतं हो?" अत्तरसाहेब केविलवाणे हसले. "तो काय, कोपऱ्यातला बोकड..."

"आम्ही बघतो!" चिमटी कडाडली. उलटं बोलायचं नाही हे ती साफ विसरली होती. "आमच्या आत्यानं काढलाय तो! तिला तुम्ही सांगितलंत, मुलांना आवडत नाही म्हणून. मुलं ही बसलीत की इथे! विचारा ना! कुणाकुणाला आवडतो ढगोजी?"

सगळे हात वर गेले. एकानं तर दोन्ही हात आणि एक पाय वर केला. "ढगोजी! ढगोजी!" असा गजर सुरू झाला.

"आणि तुमची नवीन टीम म्हणजे फुसके फुगे आहेत!" चिमटी म्हणाली. "मी काचेतून पाहिलं!"

"किल्ली," मालकीणबाईंनी हात पुढे केला.

"बाई, ती बहुतेक घरी..."

"किल्ली!"

खोली उघडली. मालकीणबाई खुर्च्या रचलेल्या टेबलांसमोर उभ्या राहिल्या. वाळलेल्या रोपाला त्यांनी बोट लावलं, तर पान गळून पडलं. अत्तरसाहेबांना तिथेच ठेवून बाई बाहेर वळल्या.

"तुमच्या डोळ्यांदेखत दर आठवड्याला चाललं होतं हे," चिमटी त्यांच्या मागून चालत म्हणाली. राग अजून उतरला नव्हता.

"चिमटे!" वकिलानं तिची बाही ओढली.

"बोलू दे तिला," मालकीणबाई म्हणाल्या. "खरं आहे. कामं वेळेआधी होतायत म्हणून मी खूश होते. होतायत कशी, ते विचारलं नाही. तुमची आत्या राहते कुठे?"

"फाटकावर बसलीय," पोपट म्हणाला.

*

पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसून आत्या चहा पीत होती. स्टुडिओतून काठी टेकत मालकीणबाई येतायत आणि मागे "ढगोजी! ढगोजी!" ओरडत पोरांची फौज, हे पाहून तिचा चहा सांडला.

"काय केलंत रे कार्ट्यांनो? मी सांगितलं होतं..."

"मुलांनी जे केलं, ते मी करायला हवं होतं," मालकीणबाई भर उन्हात म्हणाल्या. "बाई, माझं चुकलं. परत या. तुमचं नाव सगळ्या भागांवर येईल. उलट्या केलेल्यासुद्धा."

आत्यानं पोरांच्या घोळक्याकडे पाहिलं. "हे कशासाठी ओरडतायत?"

"तुझ्या बोकडासाठी," चिमटी म्हणाली. "ऐक ना. कंटाळलेत का ते, तूच सांग."

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. या वेळीही कांदा नव्हता. "येईन," ती म्हणाली. "पण माझ्या खोलीला कुलूप लागणार नाही. आणि ते अत्तर तिकडे फिरकणार नाही."

"फिरकणार नाही," मालकीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी तिघांकडे वळून काठी उचलली, सलाम करावा तशी. "आणि तुमच्यासारखे डोळे माझ्याकडे असते, तर बरं झालं असतं!"

घरी आल्याबरोबर आत्यानं टेबलावरचे टॉवेल ओढून काढले आणि वकिलाच्या अंगावर फेकले. "घड्या घाल. कौतुक नंतर. माझा आरसा कुठाय?"

"मालकीणबाईंकडेच राहिला!"

"राहू दे. त्यांना लागेल."

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात नवीन भाग लागला. तिघं सोफ्यावर आणि मधोमध आत्या. संगीत वाजलं, ढगोजी आला. डावं शिंग मोडकं, घड्याळ सरळ. त्यानं कान टवकारले, आणि मग जे आजवर कधीच केलं नव्हतं ते केलं. तो सावकाश पाठमोरा वळला!

"पोपट, पुढे काय करणार?" चिमटीनं श्वास रोखून विचारलं.

पोपटाचं तोंड उघडंच राहिलं होतं. डोळे चमकत होते.

"मला काय माहीत!" तो आनंदानं ओरडला. "मला काहीच माहीत नाही!"